हात कोणी सोडला

अनुपमा सातवची गोष्ट खामगावच्या बाजूला कुणालाही विचारा, सांगणारा आधी तिच्या बापाचीच सांगेल. इंद्रभान सातवांनी शेततळ्यात बुडताना पोरीचा जीव वाचावा म्हणून तिचा हात आपण होऊन सोडला, ही ती गोष्ट. बुडता बुडता ते काय बोलले तेही लोकांना पाठ आहे. "तू जाय बाई, तुले अजून लय पोहाचं हाये." हे ऐकायला तिथं चिटपाखरू नव्हतं. होती ती एकटी अनुपमा, आणि तिच्या तोंडून हे वाक्य कुणी कधी ऐकलेलं नाही. पण गोष्ट गोड असली की गाव पुरावा मागत नाही, उलट दर वर्षी वरून थोडं तिखटमीठ लावतं.

अनुपमा आता तिशीला टेकली. अकोल्याच्या एका खासगी तलावावर बायका-मुलींना पोहायला शिकवते. भिंतीवर मेडलं आहेत, दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत. लोक काय सांगायचं ते सांगोत, तिला त्याचं फारसं काही नव्हतं. तिला खात होती ती मायची काळजी. जनकाबाई नवरा गेल्यावर उभी राहिली ती त्या एका वाक्याच्या आधारावर, असं सगळे म्हणत आणि अनुपमालाही तसंच वाटे. दर पोळ्याला ती गावी यायची ती मायला खरं सांगून टाकायचं ठरवून, आणि पुरणपोळी खाऊन मुकाट परत जायची.

पोहणं तिला विहिरीत आलं. मामाचं गाव रोहिणखेड. तिथं मामानं पाठीला वाळका भोपळा बांधून तिला विहिरीत ढकललं, तेव्हा ती दुसरीत होती. हात मारत सुसाट जाणं तिला कधी जमलं नाही, पण बेडकीसारखं पाणी कापत जाणं दोन दिवसांत आलं. नंतर इंद्रभाननं आपल्या वांग्या-टमाट्याच्या मळ्यात शेततळं खणलं, त्यात काळं प्लास्टिक अंथरलं, आणि पोरीला घरचंच पाणी मिळालं.

इंद्रभान स्वतः पाण्याला भ्यायचा, चांगलाच भ्यायचा. पाणी पिकाला पाजावं, आपण त्यात जाऊ नये, हे त्याचं तत्त्वज्ञान. आणि शेततळ्याला भ्यायलाच हवं. उतरायला सोपं, चढायला अशक्य. प्लास्टिकवर शेवाळ धरतं, उतारावर ओला पाय ठरत नाही, पट्टीचे पोहणारे काठापासून हातभर अंतरावर मेलेत. म्हणून त्यानं काठावर लोखंडी अँगल गाडला आणि जागोजाग गाठी मारलेला जाड दोर त्याला बांधून पाण्यात सोडला. पोरगी पोहायची, हा काठावर उकिडवा बसून दोराकडे बघत राहायचा. जसा काही दोरच पळून जाणार होता.

खामगावच्या शाळेत चंद्रशेखर सर खेळ शिकवत. पोरीचे पाय बघून त्यांनी सांगितलं, हे जे तू करतेस ना, याला ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात आणि यात मेडल मिळतं. दर रविवारी ते तिला शहरातल्या तलावावर नेऊ लागले. पहिल्याच जिल्हा स्पर्धेत अनुपमा सगळ्यांच्या पुढं आली आणि बाद झाली. विहिरीतल्या सवयीनं तिचा डावा पाय कात्रीसारखा चालत होता. या प्रकारात दोन्ही पाय सारखे चालावे लागतात, आणि भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. इंद्रभानला हे काही पटेना. "बाद म्हंजे? बेडूक काय पाय पाहून पोह्यते काय, सर?" असं त्यानं सगळ्या मैदानासमोर विचारलं. पण दुसऱ्या दिवसापासून तो दोर सोडून पोरीच्या पायाकडे बघायला लागला. "डावा! डावा पाह्य बे!" असं तो काठावरून ओरडे, तेव्हा शेजारच्या शेतातली माणसं निंदण थांबवून हसत. पण वर्षाच्या आत तिचा डावा पाय सरळ झाला.

मग अमरावतीला विभागीय, पुण्याला राज्य. अकरावीत तिला दोनशे मीटरला ब्राँझ मिळालं. गावात मिरवणूक निघाली, ढोलताशे वाजले, आणि पोरींनी पोहायचे कपडे घालावेत की नाही यावर वर्षभर तोंड वाजवलेले लोकच फेटा बांधून पुढं होते. सर मात्र खूश नव्हते. शेवटच्या पन्नास मीटरला अनुपमाचे पाय जड व्हायचे, श्वास तुटायचा. बारावीचं वर्ष शेवटचं. यंदा पहिल्या दोघींत आली तर राष्ट्रीयला, आणि तिथून पुढं खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. त्यांनी तिला नेम घालून दिला. पाण्यात उभं राहायचं, हात वर धरायचे आणि नुसत्या पायांवर तरंगायचं. रोज, सणवार न बघता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. हळद-तूप लावून खांदे चोळायचे आणि बैलांना सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्याआधी बैल नाल्यावर धुवायला न्यायचे, तर नेमका पांढऱ्या बैलाचा कासरा तुटला. तो बैल मारका. त्याला धरायला जाड दोरच हवा. इंद्रभाननं तळ्यावरचा दोर सोडला, गाठी उकलल्या आणि बैलाला बांधला. नवा कासरा दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला पोरगा सागर खामगावहून आणणार होता. तोवर मारका बैल मोकळा कोण ठेवील? दोर बैलाच्याच गळ्यात राहिला.

सकाळी बापलेक तळ्यावर आले तेव्हा इंद्रभान म्हणाला, "आज राहू दे, बाई. दोर नाई."

"बाबा, पंधरा दिवसावर अमरावती हाये. थोडंसंच करतो."

इंद्रभाननं अँगलकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. "बरं. म्या हात देतो तुले वर याले. हायेस केवढी, वांग्याच्या पोत्याएवढी."

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत आणि शेतात कुणी फिरकत नाही. लांब गावात भोंगा लागला होता. अनुपमानं आपला नेम पुरा केला, हात वर धरून, नुसत्या पायांवर. मग ती काठाशी आली. इंद्रभाननं एक पाय मागं रोवला, वाकून हात दिला. तिनं तो धरला आणि अंगाचा भार टाकला. ओढायचं त्यानं होतं. पण प्लास्टिक दवानं ओलं होतं, आणि ओढला गेला तो. पोरीच्या अंगावरून तो सरळ पाण्यात आला.

गाव जी गोष्ट सांगतं तिच्यात इथून पुढचं फार थोडं आहे. गावाच्या गोष्टीत बाप पडतो, पोरगी धरते, बाप हात सोडतो, संपलं. खरं तसं पटकन संपलं नाही.

अनुपमानं त्याला मागून धरलं, उताणं केलं, त्याचं डोकं आपल्या छातीवर घेतलं. सरांनी शिकवलं होतं तसंच. तो ऐकत होता. एवढा भित्रा माणूस, पण पोरीनं "बाबा, हालू नोका" म्हटल्यावर तो लाकडासारखा पडून राहिला. तिनं त्याला काठाशी नेलं. प्लास्टिकवर पाय टेकवला, पाय सटकला. पुन्हा टेकवला, पुन्हा सटकला. बोटं रुतवायला कुठं काही नव्हतं. ती तळ्याच्या चारी बाजूंनी फिरली, बापाला घेऊन. मग ओरडली. दोघंही ओरडले. गावातल्या भोंग्यावर गाणी लागली होती, त्यापुढं कुणाला काय ऐकू जाणार?

"सागर येईन," इंद्रभान म्हणाला. "बैलायले रंग लावाचा हाये, मले बलावाले येईनच."

"हाव, येते."

उन्हं चढली. बोलणं कमी झालं. तिचे पाय चालत होते, कारण त्यांना तेवढं एकच काम शिकवलं होतं. मग डाव्या पोटरीत गोळा आला, मग उजव्या मांडीत. ती खाली जायला लागली की त्याच्या तोंडात पाणी जाई, तो खोकत वर येई आणि तिला घट्ट धरी. "सोडू नोको, बाई," तो म्हणायला लागला. "मले सोडू नोको. मले मराचं नाई." हे तो एकदा नाही म्हणाला. म्हणतच राहिला. शेवटी त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि तो तिच्या खांद्यांवर चढला, गळ्याला मिठी मारून. आता तो तिचा बाप राहिला नव्हता, बुडणारा माणूस झाला होता. आणि बुडणारा माणूस मिळेल त्यावर पाय देऊन वर येतो.

सरांनी हेही शिकवलं होतं. बुडणारा गळ्यात पडला तर वर यायची धडपड करायची नाही, खाली जायचं. त्याला वर राहायचं असतं, तो आपसूक सोडतो. अनुपमा खाली गेली. दोन्ही हातांनी पाणी मागं ओढून, पाय जुळवून, अगदी नियमात. गळ्याभोवतीची मिठी सुटली. ती थोड्या अंतरावर वर आली, तेव्हा तो अजून पाण्यावर होता. त्यानं तिला पाहिलं आणि हात लांब केला. तिनं आपला हात पुढं केला असता तर बोटं लागली असती. तिनं केला नाही. ती उताणी झाली आणि आभाळाकडे बघत पडून राहिली.

दुपारी सागर बापाला शोधत आला. त्यानं ठिबकची नळी उपटून पाण्यात टाकली आणि बहिणीला वर ओढलं. तोवर पाण्यावर दुसरं काही नव्हतं.

तिला दवाखान्यातून घरी आणलं आणि दिवस मावळायच्या आत गोष्ट तयार झाली. कुणी तयार केली ते तिला कळलं नाही. ती शुद्धीवर होती, पण बोलत नव्हती. आणि न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. चंद्रशेखर सर भेटायला आले, म्हणाले यंदा राहू दे. गाव म्हणालं, राहू दे कसं? बापानं जीव दिला तो कशासाठी? तेराव्यानंतर दोन दिवसांनी गावानं वर्गणी काढून तिला अमरावतीच्या गाडीत बसवलं.

त्या वर्षी ती जशी पोहली तशी आधी कधी पोहली नव्हती. शेवटच्या पन्नास मीटरला पाय जड झाले, तेव्हा तिनं ते जड होऊ दिले आणि चालवत राहिली. त्याहून जड काय असतं ते तिला ठाऊक झालं होतं. राज्याला दुसरी आली. पेपरात फोटो आला, खाली बापाचं ते वाक्य. राष्ट्रीयला मात्र प्राथमिक फेरीतच बाहेर पडली. पुढं विद्यापीठाकडून चार वर्षं खेळली, दोन मेडलं आणली, मग गुडघे गेले. कोट्यातली नोकरी दोनदा हातातोंडाशी येऊन गेली. जिथं जाई तिथं सत्कार होई, आणि सत्कारात कुणीतरी डोळे पुसत ती गोष्ट सांगे. ही खाली मान घालून बसे. लोक म्हणत, किती विनयशील पोरगी!

तलावावर नवशिक्या बाया भीतीनं तिच्या गळ्यात पडतात. हा धंदाच तसा आहे. ती एकेक बोट सोडवते, हसून म्हणते, "ताई, मला नाही, दांडीला धरा." मग पाणी प्यायचं निमित्त करून आत जाते आणि बाकावर बसून राहते.

यंदा सरपंच भाऊरावांच्या डोक्यात आलं की मुलींच्या पोहण्याच्या स्पर्धा भरवाव्यात, इंद्रभान सातव स्मृती करंडक. खामगावचा तलाव ठरला, मंडप ठरला. करंडक जनकाबाईच्या हातून द्यायचा आणि ती गोष्ट तिच्याच तोंडून ऐकायची, हेही ठरलं. अनुपमा आदल्या दिवशी गावी आली. माय ओसरीत भेंडी निवडत होती.

अनुपमा तिच्यासमोर बसली. यावेळी नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं.

"माय, उद्या ते वाक्य सांगू नोको."

"कोनतं?"

"बाबा तसं म्हणलेच नव्हते. त्यायनं हात नाई सोडला, माय. म्या सोडवला."

जनकाबाईची बोटं थांबली नाहीत. किडकी भेंडी तिनं बाजूला टाकली.

"मले मालूम हाये."

जनकाबाईनं पुढची भेंडी उचलली.

"दवाखान्यातून आनल्यावर तुले आंगोळ कोनं घातली? म्याच ना? तुह्या मानेवर, पाठीवर नखं होती, मास निंघे एवढी. हात सोडनाऱ्या मानसाची नखं अशी रुतत नाई, बाई. म्या हळद भरली अन् तुले लुगड्यात गुंडाळलं. बाहेर वट्यावर बाया बोलत होत्या. पोट्टी मेडलं घेऊन फिरते अन् बापाले पान्यात टाकून आली, म्हने. म्या तशीच वल्ल्या हातानं बाहेर गेली. म्हनलं, त्यायनंच सोडला हात, पोरीनं मले सांगतलं. ते वाक्य बी म्याच जुळवलं. तोंडाले आलं तसं."

अनुपमाला हसू आलं की रडू ते तिला कळेना. एवढी वर्षं ती मायसाठी गप्प होती आणि माय तिच्यासाठी. तिनं मायच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. जनकाबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला, कितीतरी वर्षांनी. इथंच दोघी थांबल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्या कधी पुसलं नाई तुले," जनकाबाई म्हणाली. "शेवटी काय म्हनत होते ते?"

"सोडू नोको म्हणत होते. मले मराचं नाई म्हणत होते."

केसांवरचा हात थांबला. "अन् मंग? तुह्या हातात जीवच नव्हता उरला. असंच ना?"

अनुपमानं हो म्हणायला हवं होतं. पण इतकी वर्षं दाबलेलं खरं एकदा वाट मिळाली की अर्ध्यावर थांबत नाही. ती उठून बसली आणि सगळं बोलली. खाली कशी गेली ते बोलली, वर कशी आली ते बोलली. त्यानं हात लांब केला होता आणि आपण केला नाही, तेही बोलली.

"म्हंजे दिसत होते ते तुले?"

"हाव."

"किती दूर?"

अनुपमानं हात पुढं केला. बोटं जनकाबाईच्या खांद्याला लागली.

जनकाबाई त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं भेंडीचं सूप उचललं आणि आत गेली. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, पण ती पोरीशी एक शब्द बोलली नाही. रागावलीही नाही. रागावली असती तर अनुपमाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला होता. ओल्या केसांच्या पोरी टॉवेल गुंडाळून रांगेत उभ्या होत्या. व्यासपीठाखाली पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखलेल्या, एक अनुपमाची, एक जनकाबाईची. भाऊरावांनी जनकाबाईला बोलावलं. ती पदर सावरून माईकसमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिनं किती वेळा, किती ठिकाणी सांगितली असेल! बायांनी आधीच डोळ्यांना पदर लावले.

"माह्या मालकाले मराचं नव्हतं," ती म्हणाली. "लय जगाची आस होती त्यायले."

एवढंच. ती माईकपासून बाजूला झाली.

मंडपात कुजबुज झाली. भाऊरावांनी लगबगीनं माईक घेतला, काकूंना भरून आलं म्हणाले, आणि मग त्यांनीच ती गोष्ट सांगितली, हात कसा सोडला आणि शेवटचं वाक्य काय होतं ते. टाळ्या वाजल्या. अनुपमा शेजारच्या खुर्चीवर टाकलेली आपली ओढणी उचलून मायसाठी जागा करू लागली.

जनकाबाई पायऱ्या उतरून आली. त्या खुर्चीजवळून ती पुढं गेली आणि शेवटच्या रांगेत, अनोळखी बायांमध्ये जाऊन बसली.